मदत हवी आहे: मावशीच्या लिव्ह-इनची कुठे नोंद होते का?

नमस्कार मंडळी, प्रश्न मावशीचा आहे. ती ५८ वर्षांची, विधवा, आणि सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात एका विधुर काकांसोबत चार वर्षं राहतीये, दोघं मजेत आहेत (गल्लीतल्या बायका बोलतात, बोलू देत).

आता काकांचं ऑपरेशन ठरलंय तर सही कोण करणार यावरून त्यांच्या मुलाने वाद घातला, म्हणून नोंदणीचं बघायला लागलो. उत्तराखंडात २०२५ पासून लिव्ह-इनची नोंद होते म्हणे, पण आपल्याकडे तशी सोयच नाहीये. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण देतो, पण वारसाहक्काचं काय? नॉमिनी लावला तरी तो मालक होत नाही, मृत्युपत्रच करावं लागतं असं वकील म्हणाले.

दुसरा मार्ग स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४ चा, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. पण मावशीला नवऱ्याची फॅमिली पेन्शन आहे, लग्न केल्यावर ती बंद पडेल का हीच तिची भीती, आणि ती नोटीस बोर्डावर लागली की पै-पाहुणे आलेच दारात.

कुणी मृत्युपत्र आणि करारनामा करून निभावलंय का? सोलापुरात रजिस्टर केलं असेल तर खर्च किती आला तेपण सांगा प्लीज.