विषय: बंदूक कायद्यावरील निवेदन आणि ‘पोलिसांचे मत’

प्रेषक: सुधाकर
सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.
अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या 2023 च्या बंदूक कायद्याला (लष्करी धाटणीच्या बंदुकांच्या विक्रीवर बंदी आणि लोकांकडे आधीपासून असलेल्या तशा बंदुकांची सक्तीची नोंदणी) पाठिंबा देणारे निवेदन मंडळातर्फे काढण्याचे घाटते आहे. त्यावर मी सही करणार नाही. ज्या कायद्याला खुद्द शेरीफांचाच, म्हणजे काउंट्यांच्या (तिथल्या जिल्ह्यांच्या) पोलीसप्रमुखांचाच, विरोध आहे, त्याची तरफदारी आपण कोणत्या अधिकाराने करायची? जिवावर उदार होऊन काम करणाऱ्या पोलिसांना या विषयातले आपल्यापेक्षा अधिक कळते.
कळावे, सुधाकर

प्रेषक: मीनल
आदरणीय सुधाकरकाका,
सा. न. सही करावी की नाही हे तुम्ही ठरवाल, परंतु पोलिसांचे असे एकच मत अमेरिकेत कधीच नव्हते. 4 जुलै 2022 रोजी हायलंड पार्कच्या परेडमध्ये झालेल्या गोळीबाराने सात जणांचा बळी घेतला आणि पुढच्या जानेवारीत हा कायदा झाला. तेव्हा राज्यातील 102 काउंट्यांपैकी बहुतेकींच्या शेरीफांनी जवळजवळ एकाच मसुद्याची पत्रके काढली: बंदूकधारकांनी नोंदणी केली की नाही हे आम्ही तपासणार नाही आणि केवळ या कायद्याखाली पकडलेल्या माणसाला आमच्या तुरुंगात ठेवून घेणार नाही. शेरीफ मतदारांनी निवडून दिलेला असतो, आणि ग्रामीण काउंट्यांत शिकारीची बंदूक कितीतरी घरांत असते, हे ध्यानात ठेवूनच ती पत्रके वाचायला हवीत. शहरांतील पोलीसप्रमुख बहुधा नेमलेले असतात. 1893 साली स्थापन झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने लष्करी धाटणीच्या बंदुकांवरील बंदीला पाठिंबा दिलेला आहे.

फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस या सामान्य पोलिसांच्या संघटनेची भूमिका आणखी वेगळी. सेवेतील आणि निवृत्त पोलिसांना देशभर पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा देणारा 2004 चा कायदा तिने नेटाने लावून धरला, तर प्रमुखांच्या संघटनेने त्याला विरोध केला. लॉ एन्फोर्समेंट अलायन्स ऑफ अमेरिका या संस्थेला तर नॅशनल रायफल असोसिएशनने पैसा पुरवला होता. नाव पोलिसांचे आणि पैसा बंदूकधारकांच्या संघटनेचा, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते, कारण लोक विश्वास टाकतात तो वर्दीवर.

शेरीफांचे सगळेच म्हणणे मतांसाठी असते, असे मात्र मी म्हणणार नाही. खरेदीदारांच्या पूर्वचौकशीचे काम केंद्राने आमच्यावर लादू नये, हे मोंटानातील शेरीफ जे प्रिंट्झ यांचे म्हणणे 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केले. पण तो वाद केंद्राच्या हुकमाचा होता. इलिनॉयचा कायदा राज्याचा आहे आणि शेरीफ त्याच राज्याच्या कायद्यांना बांधलेला आहे.
आपली, मीनल

प्रेषक: सुधाकर
चि. सौ. मीनल,
अनेक आशीर्वाद. निवडून येणारा शेरीफ लोकांना जबाबदार असतो आणि ती मला जमेचीच बाजू वाटते. मात्र निवेदनाच्या मसुद्यातही ‘पोलिसांचा या कायद्याला पाठिंबा आहे’ असे मोघम वाक्य आहे, तेही मग टिकत नाही. कोणत्या संघटनेने कशाला पाठिंबा दिला आणि कशाला विरोध केला, हे तिथे नावानिशी लिहावे. तसा सुधारलेला मसुदा यादीवर आला, तर तो मी पुन्हा वाचेन.
सुधाकर