मदत हवी आहे: इंजिन तापलेले नसताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो (जुना डिझेल पिकअप)

नमस्कार. मी जुन्नर तालुक्यात टोमॅटो पिकवतो आणि माल वाशीच्या बाजार समितीत पोहोचवण्यासाठी गेल्या वर्षी २०१४ सालचा एक पिकअप विकत घेतला. दोन महिन्यांपासून त्याच्या तापमानाचा काटा अधूनमधून लाल पट्ट्यात जातो, बझर वाजू लागतो आणि लाल दिवाही लागतो. मात्र त्या वेळी इंजिन खरोखर तापलेले असते, असे मला वाटत नाही.

रात्री माल भरून ओतूरहून निघालो, की हा इशारा बहुतेक वेळा माळशेज घाट उतरताना किंवा त्याच्याही आधी येतो. उलट दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे क्रेट घेऊन तोच घाट चढताना, एप्रिलच्या उन्हात आणि खालच्या गिअरमध्ये, काटा निम्म्यावरून हलत नाही. गाडी तापायचीच असेल, तर ती चढणीला तापायला हवी. पहिल्या वेळी घाबरून मी अर्धा तास बोनेट उघडून थांबलो. कूलंटची पातळी जागच्या जागी होती आणि वाफेचा मागमूसही नव्हता. बाजारात पोहोचायला उशीर होऊन त्या दिवशीचा भाव हुकला, ते वेगळेच.

काटा चढतो तोही हळूहळू नाही. दोन-तीन सेकंदांत तो लाल पट्ट्यापर्यंत जातो आणि तितक्याच झटक्यात खाली येतो. इंजिन आणि रेडिएटरमधील सगळे कूलंट इतक्या वेळात वीस-तीस अंश तापून पुन्हा निवणे शक्य नाही. काटा लाल पट्ट्यात असताना इन्फ्रारेड तापमापकाने थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) आवरणावर मोजले, तेव्हा ८६ ते ९० अंश सेल्सिअस आले; थर्मोस्टॅटवर ८२ हा आकडा कोरलेला असल्यामुळे हे तापमान मला योग्यच वाटते. पंधरा दिवसांत कूलंट कमी झाले नाही, थंड इंजिन रेडिएटरचे झाकण काढून चालू केले तर बुडबुडे येत नाहीत आणि ऑइलही दुधाळ झालेले नाही.

कूलंटचे तापमान मोजणारा एका वायरचा सेन्सरही नवा बसवून पाहिला. बसवणाऱ्याने आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळल्यामुळे काटा उलट खालीच राहू लागला. टेप काढल्यावर मूळ दुखणे परत आले.

तीन मेकॅनिकांची तीन मते पडली. पहिले म्हणाले हेड उतरवा, दुसरे म्हणाले थर्मोस्टॅट काढून टाका आणि तिसऱ्यांनी बझरची वायर तोडायला सुचवले. हा तिसरा सल्ला सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत घातकही, कारण उद्या गाडी खरोखर तापली तर ते कळणारच नाही.

परवा मात्र एक नवी गोष्ट लक्षात आली. गाडी उभी असताना हेडलाइट लावले, की काटा थोडा वर सरकतो. ब्लोअर आणि आधीच्या मालकाने बसवलेले दोन फोकस दिवे चालू केले, की तो थेट लाल पट्ट्यात जातो. दोष अर्थिंगचा समजावा की मीटरचा, आणि डॅशबोर्ड न उघडता हे मल्टिमीटरने कसे ठरवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण केलेल्या तपासण्या पाहता हेड उतरवण्याचे कारण दिसत नाही. आपला सेन्सर इंजिनच्या धातूतून अर्थ घेतो, तर मीटर बॉडीतून घेते. या दोहोंना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली, की दिव्यांचा परतीचा प्रवाह तिच्यात अडखळतो आणि बॉडीचा विद्युतदाब इंजिनपेक्षा अर्धा-एक व्होल्ट वर जातो. सेन्सरचा रोध तापमान वाढले की कमी होतो. विद्युतदाबातील हा फरक मीटरला रोध कमी झाल्यासारखाच भासतो आणि काटा चढतो. टेफ्लॉनने सेन्सरचा अर्थ अडवल्यावर उलट रोध वाढल्यासारखे झाले, म्हणून काटा खाली गेला.

इंजिन, सर्व दिवे आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरी केबिनमधील रंग नसलेल्या बोल्टला लावा. ०.२ व्होल्टहून जास्त फरक दिसल्यास जंप केबलने इंजिन आणि बॉडी जोडून पाहा. काटा लगेच खाली आला, तर दोष पट्टीचाच आहे. फरक नगण्य असेल, तर मात्र मीटरच्या मागची अर्थ वायर तपासावी लागेल आणि त्यासाठी डॅशबोर्ड उघडण्याला पर्याय नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. १.१ व्होल्ट फरक आला आणि जंप केबल लावताच काटा निम्म्यावर आला. पट्टी गिअरबॉक्सजवळ सापडली. तिच्या बोल्टखाली गंज होता आणि फोकस दिव्यांची काळी वायरही त्याच बोल्टला अडकवलेली होती. जागा पॉलिश पेपरने घासून नवी पट्टी बसवल्यानंतर चार खेपा झाल्या, एकदाही बझर वाजला नाही. फोकस दिवे सध्या काढून ठेवले आहेत. ते पुन्हा लावताना त्यांची अर्थ वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी का, एवढेच आता विचारायचे आहे.