मदत हवी आहे: बाबांना बोलता येत नाही, चांगलं अ‍ॅप सुचवा

घाईत_आहे: बाबांना काय म्हणायचंय ते त्यांना कळतं, पण शब्दच निघत नाही. पाटीवर मुळाक्षरं लिहून समोर धरली की चिडून ढकलून देतात. अक्षरांवर बोट ठेवलं की फोन बोलेल असं अ‍ॅप हवंय. लवकर सांगा.

रानवारा: झालंय काय नेमकं? पक्षाघात, डोक्याला मार, की हळूहळू होत गेलं?

घाईत_आहे: अहो पक्षाघातच! गेल्या महिन्यात. उजवा हात गेलाय. अ‍ॅप सांगा ना.

सदूकाका: अ‍ॅपच्या नादी लागू नका. गाल फुगवणं, जीभ फिरवणं, नळीने फुंकणं सुरू करा. माझ्या मेहुण्याचं बोलणं त्यानेच साफ झालं.

शब्दवेडी: काका, मेहुण्यांचं बोलणं जड, बोबडं झालं असेल. तो डिसार्थ्रिया, म्हणजे स्नायूंवरचा ताबा सुटणं. इथे उजवा हात गेलाय, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. हा अफेजिया वाटतो. त्यात जीभ ठीक असली तरी शब्द सापडत नाही, आणि वाचणं-लिहिणंही अडतं. म्हणून ते पाटी ढकलतात. अक्षरांचं अ‍ॅपही तसंच अडेल. घरातल्या माणसांचे, वस्तूंचे फोटो वापरा. आणि त्यांना समजतं, हे कशावरून म्हणता?

सदूकाका: व्यायामाने तोटा तर नाही ना?

शब्दवेडी: आधीच लवकर थकणाऱ्या माणसाची ताकद त्यात गेली, तर बोलायला उरणार काय?

घाईत_आहे: समजतं सगळं. पाण्याचा ग्लास दाखवून विचारलं की घेतात. पण ‘हो’च्या जागी ‘नाही’ म्हणतात. एक ते दहा मात्र घडाघडा! मुद्दाम करतात का?

शब्दवेडी: अजिबात नाही. आकडे, वार, शिव्या असं तोंडात बसलेलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. हो-नाहीची अदलाबदलही नेहमीची. कागदावर बरोबर-चूक अशा खुणा काढून द्या. ग्लास दाखवलात तिथेच उत्तर मिळालं त्यांना. हात मागे ठेवा, नजर हलवू नका आणि ‘खिडकी कुठे आहे?’ विचारून बघा.

सूरवेडा: गाऊन बघा! मेलॉडिक इंटोनेशन थेरपी १९७० च्या दशकापासून आहे. छोटी वाक्यं सुरात म्हणायची, डाव्या हाताने ताल धरायचा.

मोरपीस: १८६१ मध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरने तपासलेला रुग्ण फक्त ‘टान’ म्हणायचा. फ्रान्समधली गोष्ट.

रानवारा: मोरपीस, वेगळा धागा काढा.

घाईत_आहे: खिडकी विचारली तर दाराकडे बघितलं. दोनदा.

शब्दवेडी: म्हणजे समजण्यातही अडचण दिसते. नेमकं हेच लिहून स्पीच थेरपिस्टकडे न्या. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला, मग थांबा. उत्तराची घाई नको, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वात वेगाने होते, म्हणून उपचार लांबवू नका. नंतरही ती थांबत नाही.

रानवारा: आणि गिळताना ठसका लागतो का?

घाईत_आहे: पाणी पिताना लागतो. का?

रानवारा: पाणी फुफ्फुसात जात असू शकतं, त्यातून न्यूमोनिया होतो. आत्ताच डॉक्टरांना फोन करा. ते सांगेपर्यंत तोंडाने काही देऊ नका.