ट्रेर केइरी : वस्ती बारमाही की उन्हाळ्यापुरती?

मूळ लेखन

वेल्सच्या वायव्येला लीन द्वीपकल्पावर अर ऐव्हल हा तीन शिखरांचा डोंगर समुद्रालगत उभा आहे. त्याच्या पूर्वेकडच्या शिखरावर, सुमारे 450 मीटर उंचीवर, ट्रेर केइरी ही लोहयुगीन तटबंद वस्ती आहे. नावाचा अर्थ 'राक्षसांचे गाव'. आत सुमारे 150 दगडी घरांचे अवशेष आहेत, आणि चुना-माती न वापरता रचलेला तट काही ठिकाणी आजही पुरुषभर उंचीच्या वर टिकून आहे. एवढे पाहिले की माणूस सहज 'नगर' म्हणून मोकळा होतो. माझे मत उलट आहे. अटलांटिकवरून येणारा वारा आणि धुके सोसत हिवाळ्यात तिथे कोणी राहिले असेल, असे मला वाटत नाही. उन्हाळ्यात गुरे घेऊन वरच्या कुरणात जायचे आणि थंडीत खालच्या घरी परतायचे, ही 'हाफोद' आणि 'हेंद्रे'ची रीत वेल्समध्ये पुढे शतकानुशतके चालली. ट्रेर केइरी हे तिचेच जुने रूप असावे.

प्रतिसाद 1

असहमत. मध्ययुगातली रीत हजार वर्षे मागे नेऊन बसवण्याआधी घरे नीट पाहायला हवीत. आधीची घरे मोठी आणि गोल आहेत. पुढे त्यांतल्या काहींच्या मध्ये भिंती घालून लहान, वेड्यावाकड्या खोल्या पाडल्या गेल्या. चार महिन्यांसाठी येणारा गुराखी अशी वाटणी करीत नाही. ती होते कुटुंब वाढले की, जागेवर हक्क सांगणारे वाढले की. शिवाय 1903 मध्ये सॅबाइन बेरिंग-गूल्ड आणि रॉबर्ट बर्नार्ड यांनी केलेल्या उत्खननापासून इथे जे सापडत आले, त्यात रोमन काळातली खापरे आहेत आणि काचेचे मणीही आहेत. सेगॉन्टियमचा रोमन लष्करी तळ इ.स. 77 च्या सुमारास, आजच्या कार्नार्व्हनजवळ, उभा राहिला आणि त्यानंतरही ही वस्ती नांदत होती. रोमनांच्या नाकासमोर, तटासह, दोन-तीन शतके टिकलेल्या गावाला गुराख्यांचा तळ म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद 2

दोघांनीही दगडाला साक्षीला बोलावले आहे, पण त्याची उलटतपासणी केलेली नाही. हा डोंगर ऑर्डोव्हिशियन कालखंडातला, म्हणजे ढोबळमानाने 45 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हाच्या ज्वालामुखीय हालचालींत शिलारस पृथ्वीच्या कवचात घुसून थिजला आणि त्यातून बारीक कणांचा, ग्रॅनाइटच्या कुळातला कठीण खडक तयार झाला. (याच डोंगरावरच्या ट्रेव्होर खाणीतल्या दगडाचे कर्लिंग या बर्फावरच्या खेळातले घसरवायचे गोटे घडवतात, यावरून त्याची जात कळावी.) हिमयुगात भेगांतले पाणी गोठून खडक फुटला आणि उतारभर धोंड्यांचा खच पडला. घर बांधणाऱ्याला दगड काढायचा नव्हता, फक्त उचलायचा होता. तेव्हा 150 घरांमागे जितके कष्ट आपण गृहीत धरतो तितके पडलेच असतील असे नाही, आणि 'एवढी मेहनत, म्हणजे कायमची वस्ती' हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. असा खडक झिजून होणारी माती आम्लधर्मी असते आणि तिच्यात हाडे सहसा टिकत नाहीत. गुरे कोणत्या ऋतूत मारली हे ज्यांच्या दातांवरून ठरवता आले असते, तो पुरावाच अशा मातीत विरघळतो. भिंती राखणाऱ्या खडकानेच हंगामाची साक्ष पुसून टाकली आहे.

प्रतिसाद 1 (पुन्हा)

कष्टांबद्दलचे म्हणणे घरांपुरते मान्य. पण तटाचे काय? त्याच्या माथ्यावर चालण्याची वाट आहे आणि तिला आडोशाची भिंत आहे. ही रचना गुरे आवरण्यासाठी लागत नाही.

मूळ लेखक

तटाचा मुद्दा मला अडवतो, हे कबूल करतो. मात्र 'डोंगरी किल्ला' म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे राजगड-रायगड येतात, आणि शिबंदी व किल्लेदार न बोलावता मागोमाग हजर होतात. इथे राजवाड्यासारखे एकही घर ओळखता येत नाही. सगळ्यात उंच जागी आहे तो दगडांचा ढीग, तटापेक्षा कितीतरी जुना, कांस्ययुगातल्या दफनाचा. तट बांधणाऱ्यांच्या हाताशी तयार दगडांची ती रास आयती होती, तरी त्यांनी ती मोडली नाही. तटाच्या आत घेतली. वर्षातले किती महिने ते तिथे राहत, याविषयी माझे मत अजून तेच आहे. पण ते नुसत्या चाऱ्यासाठी तिथे चढत होते, हे माझे म्हणणे मी मागे घेतो.