‘डिझाइनला बाई-पुरुष नसतं’, मग नावं पुरुषांचीच कशी उरतात?

निळी_शाई

अवधूत७४ यांनी परवा लिहिलं की महिला दिनाला बायका-डिझायनरांच्या याद्या फिरतात त्या बंद करा, डिझाइनला बाई-पुरुष नसतं, काम चांगलं असलं की नाव होतंच. उत्तर द्यायला बसले आणि लांबलं, म्हणून वेगळा धागा.

‘काम चांगलं असलं की नाव होतं’ हे मी १९९१ पासून ऐकते आहे. तेव्हा पुण्यात एका स्टुडिओत होते. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी पुन्हा पणती नको म्हणून रांगोळीचा भोकांचा कागद घेतला, त्यातून पोस्टर कलर थोपटला आणि अंकाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी उमटवलं. रंग पातळ झाला की ठिपके फुटायचे, घट्ट झाला की भोकं बुजायची. तीन रात्री त्यात गेल्या. मग ब्रोमाइड, म्हणजे अक्षरं उमटवलेले फोटोचे कागद, कापून रबर सोल्यूशनने चिकटवले, वर बटर पेपर लावून रंगांच्या सूचना लिहिल्या आणि आर्टवर्क प्रेसला पाठवलं. अंक हातात आला तेव्हा ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे मालकांचं नाव होतं. विचारलं तर म्हणाले, “अगं, तू उद्या लग्न करून जाशील. तुझं नाव छापून काय उपयोग?” ते मुखपृष्ठ आजही लोक त्यांचं म्हणून दाखवतात.

आता बाहेरचं सांगते. नायकी या बुटांच्या कंपनीची ती खूण पोर्टलंडच्या कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ मध्ये ३५ डॉलरला काढून दिली. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरची छोटी चित्रं सुसान केअरची. तुम्ही ज्या एरियल फाँटमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरवळणात, अर्ज टाइप करता, तो १९८२ मध्ये रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स या दोघांनी मिळून केला. अवधूत, यातली किती नावं तुम्हाला न शोधता आठवली असती?

अवधूत७४

ताई, तुमच्यावर अन्याय झाला, त्याबद्दल वाद नाही. पण तो मालकाने नोकरावर केलेला आहे. त्याच काळात मी दादरला एका जाहिरात एजन्सीत व्हिज्युअलायझर, म्हणजे जाहिरातींची चित्रं आखणारा, होतो. साबण, बाम, प्रेशर कुकर, सगळं केलं आणि एकाही जाहिरातीवर माझं नाव नाही. मी पुरुष असून नाही.

तुमचंच उदाहरण घ्या. पॅट्रिशिया सॉन्डर्स लोकांना माहीत नाही, आणि रॉबिन निकोलस तरी कुणाला माहीत आहे? डेव्हिडसनला त्या कंपनीने १९८३ मध्ये अंगठी आणि शेअर दिले, ते का गाळलंत? हा पेशाच निनावी आहे. त्यात बायकांची वेगळी रांग लावली की उरलेल्यांनी जायचं कुठे?

आणि खरा शत्रू बघायचा असेल तर गिऱ्हाईक बघा. ‘तीन ऑप्शन पाठवा, आवडलं तर पैसे’ म्हणणारा. त्याच्या भाच्याला कॅनव्हा हे तयार साच्यांचं अ‍ॅप येतं म्हणून माझं काम गेलं. त्यावर धागा काढा, मी पहिला येईन.

निळी_शाई

बारा वर्षांनी दिलेली अंगठी ही भरपाई झाली. नाव वेळेवर देणं वेगळं. आणि तुमच्या एजन्सीत तुमचं नाव छापलं नाही, पण पुढे बढती कुणाला मिळाली? आर्ट डायरेक्टर कोण झालं? मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात आमच्या वर्गात निम्म्या मुली होत्या. त्या वर्गातले आज स्टुडिओचे मालक म्हणवतात ते सगळे मुलगे. मुलींची बोटं अचानक वाकडी झाली का?

मंजिरी_ठाणे

मी बाई आहे, एकोणीस वर्षं पॅकेजिंग करते आहे, आणि अर्ध्या गोष्टीत अवधूत यांच्या बाजूने आहे. मार्चमध्ये मला एका चर्चासत्राला बोलावलं. शेजारी माझ्याच ऑफिसातला मुलगा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला विचारलं, ग्रिड, म्हणजे मांडणीची आखणी, कसा ठरवतोस? मला विचारलं, घर आणि डिझाइन कसं सांभाळता? मला असलं कौतुक नको.

मार्गारेट कॅल्व्हर्टचंही हेच होतं. ब्रिटनच्या रस्त्यावरच्या पाट्या तिने जॉक किनीर यांच्याबरोबर केल्या. शाळेजवळच्या पाटीवरची मुलगी तिने स्वतःच्या लहानपणावरून काढली, ही गोष्ट जो तो सांगतो. पण धावत्या गाडीतून लांबून वाचता यावं म्हणून त्या दोघांनी ट्रान्सपोर्ट नावाची अक्षरं घडवली, दोन अक्षरांतलं अंतर ठरवलं, त्यावर तिला कुणी विचारत नाही. गोड गोष्ट लक्षात राहते आणि कारागिरी बुडते.

खिळेजुळारी

मी चाळीस वर्षं छापखान्यात काढली, सुरुवात शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांवर. सगळं वाचलं. बाई असो, बाप्या असो, आजच्या डिझायनरांपैकी किती जणांना मराठी ल आणि मराठी श समजतो ते आधी सांगा. २००९ च्या शासन निर्णयात पाकळ्यांचा ल आणि देठाचा श स्वच्छ दिलेला आहे. तरी लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नगरपालिकेच्या फलकावर सगळीकडे दांडीचा हिंदी ल. परवा एका मराठी शाळेच्या कमानीवर पाहिला, पोटात गोळा आला. श्रेय मागण्याआधी अक्षर सुधारा.

अवधूत७४

शंभर टक्के! माझ्या मुलीच्या बालभारतीत एक ल, मोबाइलवर दुसरा. ती विचारते, बाबा कुठला बरोबर?

गिरगावकर_

दोन्ही बरोबर. ल हा ल आहे. अक्षराच्या पाकळ्या मोजत बसल्यामुळेच मराठी मागे पडली.

खिळेजुळारी

गिरगावात राहून हे लिहिता? उद्या ळ पण काढून टाका, हिंदीत चालतंच त्याच्याशिवाय.

गिरगावकर_

काका, आवाज खाली. मी फक्त वाचता येतं का ते विचारतोय.

निळी_शाई

विषय हा नाही. हात जोडून सांगते, ल साठी दुसरा धागा काढा.

अर्धा_र

ताई, रागावू नका. ल मधूनच तुमच्या विषयाकडे येतो. मी फाँटचं तांत्रिक काम करतो.

काका, डिझायनरला एवढं झोडपू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ल चा क्रमांक एकच आहे. पाकळ्या की दांडी, ते फाँट ठरवतो. बऱ्याच फाँटमध्ये मराठी रूप आत असतं, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली नसेल तर ते बाहेर येत नाही. नोंद कुणी करत नाही, म्हणून हिंदी रूप दिसतं.

पण तुम्हाला हवा तसा ल आणि श एकही सेटिंग न बदलता देणारा फाँट फुकट मिळतो. टिरो देवनागरी मराठी. हिंदीसाठी वेगळा, संस्कृतसाठी वेगळा आणि मराठीसाठी वेगळा, असे तीन केलेत. तो केला जॉन हडसन आणि फियोना रॉस यांनी. फियोना १९७८ मध्ये इंग्लंडात लायनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीत लागली. आनंदबझार पत्रिका या बंगाली दैनिकासाठी जो बंगाली टाइप झाला, तो टिम होलोवे आणि तिचा. लॅटिनेतर लिप्यांचा विभाग तिने चालवला.

पुढे रेडिंग विद्यापीठात तिने आणि सहकाऱ्यांनी आणखी एक काम केलं. सरे परगण्यात सॅलफर्ड्सला मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना होता. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात कितीतरी मुली होत्या. एकेक अक्षर सुमारे दहा इंच उंचीचं, पेन्सिलीने, बिनचूक काढायचं, त्यावरून पुढे साचे व्हायचे. इतिहासात नाव राहिलं ते टाइपची कल्पना मांडणाऱ्या पुरुषाचं. या मंडळींनी जुने कागद आणि फोटो काढून त्या मुली कोण, काय करत होत्या, ते नोंदवलं. मला तरी यादी म्हणजे हे वाटतं. यात फुलं देऊन सत्कार नाही.

खिळेजुळारी

टिरो उतरवून घेतला. ल बरोबर आहे. श पण. जोडाक्षरं आमच्या खिळ्यांची आठवण करून देतात. इंग्रज बाईला कळलं ते आपल्याकडे कुणाला का कळू नये, याचं वाईट वाटलं.

अर्धा_र

कळतं की, काका. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत नूपुर दात्ये आहेत. तो गुबगुबीत ‘मोदक’ फाँट गणपतीच्या बॅनरवर पाहिला असेल, त्यातली देवनागरी सारंग कुलकर्णींची आणि रोमन मैथिली शिंगरे यांची. कुणी काय केलं ते फाँटच्या पानावर लिहिलेलं आहे. लिहिलं म्हणून मला सांगता आलं.

निळी_शाई

हेच तर म्हणते आहे! मला मार्चमधला गुलाब नको. काम छापलं जातं त्याच वेळी, त्याच पानावर नाव हवं. मराठी पुस्तकाचं श्रेयपान उघडा. प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ. ‘अक्षरजुळणी’पुढे बहुतेक वेळा दुकानाचं नाव. ‘मांडणी’ हा शब्द तर कित्येकदा नसतोच. पुण्यातल्या पेठांमध्ये जिन्याखालच्या खोल्यांत श्रीलिपी आणि पेजमेकर या सॉफ्टवेअरवर बसून ज्या बायकांनी आपली पुस्तकं लावली, त्यांना सगळे ‘डीटीपीवाली’, म्हणजे संगणकावर पानं लावणारी, म्हणतात.

कोरा_कागद

आता मात्र बोलतो, कारण मी प्रकाशक आहे. एकेका पुस्तकाची पाचशे प्रत खपवताना जीव जातो. मुखपृष्ठकाराला पैसे देतो, नाव देतो. डीटीपी करणारी टाइप करते, डिझाइन करत नाही. उद्या बाइंडरचं नाव टाका म्हणाल.

निळी_शाई

बाइंडरचंही टाका, काही बिघडत नाही. आणि टाइप करते म्हणता? तुम्ही फोनवर सांगता, “२१२ पानं आलीत, तेरा फॉर्ममध्ये बसवा.” सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे २०८. चार पानं कोण खातं? ती बाई. समास दोन मिलिमीटर सरकवते, परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर गेलेली असते ती मागे ओढते, कवितेचं कडवं तुटू नये म्हणून अख्खं प्रकरण पुन्हा लावते. लेखकाला कळतही नाही. डिझाइन याहून वेगळं काय असतं, ते तुम्ही सांगा.

मंजिरी_ठाणे

याला माझा पाठिंबा. हे विचारलं असतं तर मी चर्चासत्रात दोन तास बोलले असते.

अवधूत७४

श्रेयपानाचा मुद्दा मान्य करतो, याद्यांचा नाही. आणि हा नियम पुरुषांनाही लावा, एवढंच. माझ्या बामच्या डबीचं आता काही होणार नाही.

निळी_शाई

पुरुषांना नको असं मी कुठे म्हटलं? तुमच्या डबीचं तुम्ही इथे लिहा, साल टाकून. निदान आम्हाला कळेल.

कोरा_कागद

तीन दिवसांनी लिहितो. भांडायला आलो नाही. आमच्याकडे मांडणी करणारी मुलगी सात वर्षं आहे. तिला आज विचारलं, आजवर किती पुस्तकं लावलीस? ती म्हणाली वही आहे. शाळेची दोनशे पानी वही, पुस्तकाचं नाव, पानं, फाँट, तारीख. एकशे चौदा. मला आकडा माहीत नव्हता. पुढच्या आठवड्यात एक पुनर्मुद्रण प्रेसला जातंय, त्यात ‘मांडणी’ अशी ओळ घालतोय. नाव कसं छापू म्हटलं तर तिने कागदावर लिहून दिलं. आडनावात ल आहे, तो तिने पाकळ्यांचा काढलाय.

खिळेजुळारी

छापून आलं की त्या पानाचा फोटो टाका. आणि फाइल पाठवण्याआधी फाँट तपासा.