साहेल फक्त चराईमुळे उजाड झालं का?
साहेल, म्हणजे आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेला कोरडा पट्टा, गुरांच्या चराईमुळेच उजाड झाला असं काही जण म्हणतात, त्यात थोडी भर घालतो. १९७० च्या दशकात बऱ्याच जणांचं तसंच मत होतं, की गवत गेलं की उघडी जमीन जास्त ऊन परत फेकते आणि मग पाऊसच कमी होतो. पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या काळात तिथे पडलेल्या दुष्काळामागे मोठा हात समुद्राच्या तापमानातल्या बदलांचा होता, आणि १९८० च्या दशकानंतर पाऊस जरा सुधारला तशी सॅटेलाइटवर हिरवळही वाढलेली दिसायला लागली.

म्हणून माणसाचा काही संबंध नाही असं मात्र अजिबात नाही. साहेलमधल्याच नायजर देशाच्या दक्षिण भागात शेतकऱ्यांनी तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना फुटणारे धुमारे राखायला सुरुवात केली, नवीन रोपं न लावता सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली, किती मोठी गोष्ट आहे ही!

मला खरी काळजी वाटते ती वाळवंटातल्या मातीवरच्या जिवंत पापुद्र्याची. सायनोबॅक्टेरिया (उन्हावर स्वतःचं अन्न बनवणारे सूक्ष्म जीवाणू), दगडफूल, शेवाळ यांनी बनलेला हा थर माती धरून ठेवतो, नायट्रोजन देतो, आणि एक गाडी वरून गेली की मोडतो, भरून यायला कित्येक दशकं लागू शकतात.

आणि नुसतं हिरवं दिसलं म्हणून खूश होऊ नका. अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात चाऱ्यासाठी बाहेरून आणलेलं बफेल गवत पसरलंय, ते वाळलं की वणवा पेटतो, आणि तिथल्या सग्वारो निवडुंगाला आगीची सवयच नाही, तो मरतो.