लेकीचा सलाईन लावलेला फोटो भलत्याच लोकांच्या हाती गेलाय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. आम्ही फोंडा तालुक्यातले. लेक चार वर्षांची आहे. तिचं नाव मुद्दाम देत नाही.

गेल्या पावसात तिला डेंग्यू झाला, चार दिवस इस्पितळात होती. नवरा बोटीवर असतो. त्या दिवसांत नेट कधी मिळेल याचा त्याला भरवसा नव्हता. म्हणून नणंदेने तिचा एक फोटो काढून फेसबुकवर टाकला, 'आमची परी लवकर बरी होऊ दे' असं लिहून. भाऊ ऑनलाइन आला की त्याला दिसेल आणि नातेवाईकांना दहादा सांगावं लागणार नाही, एवढाच तिचा हेतू. त्याखाली मीही हात जोडले होते, त्यामुळे तिला एकटीला बोल लावायचा नाही.

परवा कोल्हापूरच्या मावसबहिणीने एक फॉरवर्ड पाठवला आणि विचारलं, 'ही आपलीच ना गं?' वर लिहिलेलं, 'बाळाच्या हृदयाला छिद्र आहे, ऑपरेशनला दोनच दिवस उरलेत.' नाव दुसरं, गाव दुसरं, खाली पैसे पाठवायला क्यूआर कोड. फोटो कडेने कापलेला आणि अंधुक होता, तरी मी लगेच ओळखला. हाताखाली बांधलेला पुठ्ठा, त्यावर चिकटपट्टीची फुली, फ्रॉकवरची पिवळी बदकं. आणि कोपऱ्यात सासूबाईंचं मनगट, हिरव्या बांगड्यांतली एक तडकलेली. त्या रात्री लेकीला टोचू नये म्हणून त्यांनी ती उतरवून पर्समध्ये ठेवली होती. मला अजून आठवतंय.

माझे हातपाय गार पडले. माझ्या आजारी लेकराच्या नावावर कुणीतरी लोकांची दया विकतंय.

रात्री बसून नणंदेचं सगळं खातं खालपर्यंत पाहिलं. पोस्टी सगळ्या जगाला उघड्या. बालवाडीचा गणवेश, छातीवर नावाची पट्टी. केकवर वय, पोस्टवर तारीख. चवथीला माटोळीखाली (गणपतीवर फळं-पानं बांधलेली चौकट) बसलेली, मागे आमचं दार आणि घर क्रमांक. दोन वर्षांची असतानाचा न्हाणीतला एक, सासूबाई तिला न्हाऊ घालतायत तो. एकेक फोटो बघितला तर गोडच आहे. सगळे ओळीने बघितले तर एखाद्या परक्या माणसाला ती कोण, कुठे राहते, कुठल्या शाळेत जाते, तिला कुठल्या नावाने हाक मारली की ती मागे वळून बघेल, हे सगळं अर्ध्या तासात कळेल.

सासूबाई म्हणतात, 'सगळ्यांचीच पोरं असतात त्यावर, मी दृष्ट काढते.' नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. वर्षातले आठ-नऊ महिने तो लेकीला फोटोंतच बघतो, ते बंद कर असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

मला विचारायचंय ते हे. तो फॉरवर्ड थांबवता येईल का? तक्रार कुठे करायची? नणंदेचं मन न दुखावता तिला सांगायचं कसं? आणि बालवाडीसुद्धा आपल्या पेजवर मुलांचे फोटो टाकते. प्रवेशाच्या वेळी कसल्या तरी फॉर्मवर मी न वाचता सही केली होती. ती मागे घेता येते का?

प्रतिसाद: पणजीकर

ताई, आधी एक गोष्ट. नणंदेची मूळ पोस्ट घाईने काढू नका. तारखेसकट तिचा स्क्रीनशॉट घ्या, लिंक उतरवून ठेवा. मूळ फोटो तुमचा आहे याचा तोच पुरावा. त्यानंतर काढा.

क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. पैसे पाठवू नका, फक्त स्क्रीनशॉट घ्या. पोलिसांना माग काढायला तेच लागतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. ओळखीत कुणी पैसे भरले असतील तर त्यांनी 1930 वर लगेच फोन करावा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. मावसबहिणीला सांगा, तो मेसेज दाबून धरून व्हॉट्सअ‍ॅपला रिपोर्ट कर, पुढे कुणाला पाठवू नको, 'हे खोटं आहे' असं सांगायलाही नको. फेसबुकवर 13 वर्षांखालच्या मुलाचा फोटो काढून टाकण्याची विनंती पालकांना करता येते.

खरं सांगतो, ज्यांच्या फोनात तो आधीच गेलाय तिथून तो परत येणार नाही. नवीन प्रसार थोपवता येईल आणि पैसे घेणाऱ्याचं खातं बंद पाडता येईल.

कायद्याचं म्हणाल तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी असं आहे, पण घरगुती वापर त्यातून वगळलाय. नणंदेपुढे कायदा ठेवू नका. बालवाडीला मात्र लेखी द्या.

प्रतिसाद: म्हापशाचे काका

बाय, माझा म्हापशात फोटो स्टुडिओ होता. रोल धुतला की फोटो आणि निगेटिव्ह एकाच पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो. 2003 च्या गोवा बाल कायद्यात आम्हा फोटो धुणाऱ्यांवरही जबाबदारी होती, मुलांचे अश्लील फोटो दिसले तर पोलिसांना कळवायचं. मूल आणि जग यांच्या मधे तेव्हा एक माणूस तरी उभा असे. आता मधे कोणीच नाही, म्हणून ते काम आईला करावं लागतं. तू चुकीचं काही मागत नाहीस.

प्रतिसाद: बोटीवाल्याची बायको

माझाही नवरा बोटीवर. आम्ही पाच जणांचा एक बंद अल्बम केलाय, नेट मिळालं की तो सगळे फोटो एकदम उतरवून घेतो. नणंदेलाच त्या अल्बमची जबाबदारी द्या, तिचा मान राहील.

न्हाणीतला फोटो मात्र आजच काढून टाका. गुजरातेत एका अभियंत्याने आजी आपल्याला न्हाऊ घालतेय असा स्वतःच्याच लहानपणीचा फोटो गुगल ड्राइव्हवर ठेवला, तर त्याचं अख्खं खातं बंद झालं. 2024 साली प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. यंत्राला आजी कळत नाही. आणि ज्या माणसांना असे फोटो हवे असतात ती आपल्या ओळखीची नसतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. नणंद घरी आली होती. तिला फॉरवर्ड दाखवला, तेव्हा तीही आधी त्या बांगडीकडेच बघत राहिली आणि रडली. मग दोघींनी बसून दोनशेच्या वर फोटो काढून टाकले, उरलेले फक्त घरच्यांपुरते केले. अल्बम तिनेच उघडलाय. नवऱ्याला रात्री फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'मला उशिरा दिसली तरी चालेल.'

सोमवारी बालवाडीत पत्र द्यायचंय. तिला स्नेहसंमेलनाच्या नाचातून वगळू नये, फक्त तिचा फोटो पेजवर जाऊ नये, असं कसं लिहू? कुणी असं पत्र दिलं असेल तर दोन ओळी इथे टाका.